स्टेरॉइड सुरू केल्यावर सीआरपी आणि ईएसआर किती दिवसांत खाली येतात?

या दोन्ही शरीरातला दाह (आतली सूज) दाखवणाऱ्या रक्ततपासण्या. सीआरपी आधी उतरतं, ईएसआर मागाहून. एवढंच आमच्या घरी पटलं असतं तर आईचे हाल दुसऱ्यांदा झाले नसते.

आम्ही देवगडचे. आई 71 वर्षांची. सकाळी खांदे-मांड्या अशा धरायच्या की केस विंचरायला हात वर जात नसे. आडाळ्यावर खोबरं खवायला बसली की उठवायला दोघं लागायचे. सगळ्यांनी वयावर ढकललं. ऐन श्रावणात कोल्हापूरच्या संधिवाताच्या डॉक्टरांनी पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका (खांदे-मांड्या आखडवणारा दाहाचा आजार) सांगितला आणि प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी 15 मिलिग्रॅम सुरू केली. तिसऱ्या दिवशी आईनं आपला अंबाडा आपण घातला. मी रडलेच. आठव्या दिवशी सीआरपी 64 वरून 9 वर, ईएसआर मात्र 88 वरून जेमतेम 70.

मुंबईहून दादाचा फोन आला, "सत्तर म्हणजे गोळी लागूच पडत नाही. विष घालताय तिला." गणपतीला आला आणि गोळ्या एकदम बंद केल्या. मी भांडले, पण थोरल्यापुढे माझं कोण ऐकतो? गौरी जायच्या आत आई पुन्हा अंथरुणाला. सीआरपी 50 च्या वर. परत 15 पासून सुरुवात.

सीआरपी हे प्रथिन यकृतात बनतं. दाह शमला की बनणं कमी होतं आणि रक्तात उरलेलं साधारण 19 तासांत निम्मं होतं, म्हणून आठवड्यात फरक दिसतो. ईएसआर बराचसा फायब्रिनोजेन या रक्तातल्या दुसऱ्या प्रथिनावर अवलंबून. ते सावकाश उतरतं. शिवाय उतारवय आणि कमी हिमोग्लोबिन यांनीही तो चढा राहतो. त्याला कित्येक आठवडे द्या. आठवड्याच्या ईएसआरवरून औषध नापास करणं चूक, आणि माणूस अंबाडा घालतोय हे न बघता कागद बघणं त्याहून मोठी चूक. दादाला हे अजून मान्य नाही.

हे आईच्या आजाराचं झालं, तुमचा दुसरा असेल तर हिशेब बदलेल. काही आठवडे घेतलेली स्टेरॉइड मनानं तोडू नका. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल (नैसर्गिक स्टेरॉइड) तोवर मंदावलेलं असतं, डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. साखर तपासत राहा. पांढऱ्या पेशी या गोळीनंही वाढतात, पण ताप-खोकला असेल तर जंतुसंसर्ग आहे का ते विचारून घ्या. आणि पॉलिमायाल्जियाच्या माणसाला नव्यानं डोकेदुखी, चावताना जबडादुखी किंवा अंधुक दिसणं सुरू झालं तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा, दृष्टी जाऊ शकते.