पिकअपला मोठे टायर टाकले तर मायलेज खरंच पडतं का?

पडतं, पण मीटरवर दिसतं तेवढं नाही. आधी हा हिशोब बघा. २६५/७० आर १७ (रुंदी २६५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १७ इंच) टायरचा व्यास साधारण ८०३ मिमी, तर २८५/७० आर १७ चा ८३१ मिमी. म्हणजे मोठा टायर एका फेरीत साडेतीन टक्के जास्त अंतर कापतो आणि मीटरला त्याचा पत्ताच नसतो. मीटर १०० किमी दाखवतो तेव्हा गाडी साडेतीन किमी पुढे गेलेली असते. टाकी फुल ते फुल मायलेज काढताना एवढी भर घाला, नाहीतर टायरला उगाच शिव्या बसतात. (काट्यावर वेगही तेवढाच कमी दिसतो, तिकडे जास्त लक्ष ठेवा.)

उरलेली घट मात्र खरी. मोठा टायर जड, त्यातही वजन चाकाच्या कडेला. त्यामुळे प्रत्येक सिग्नलनंतर चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो. हायवेवर रुंद टायर आणि उंचावलेली गाडी वारा अडवतात. मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे टायर घेतलेत तर ती जाड ठोकळ्यांची नक्षी आणखी इंधन खाते, वर घोंघावते ते वेगळंच. दिसायला भारी, पण गाडी डांबरावरच पळणार असेल तर मी ऑल-टेरेनच्या (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या टायरच्या) पुढे जाणार नाही.