टॅलीत रात्री झालेले बदल कोणत्या कॉम्प्युटरवरून झाले, हे शोधता येतं का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: दुकानात पाच कॉम्प्युटर, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा त्यातल्या एकावर (ज्याला तुम्ही सर्व्हर म्हणता), बाकीचे चार नेटवर्कवरून तोच डेटा उघडतात आणि सगळे एकाच अ‍ॅडमिन युजरने लॉगिन करतात. शनिवारी रात्री नऊनंतर जुन्या विक्री बिलांच्या रकमा बदलल्या गेल्या. अकाउंट्सच्या मुलीवर संशय आहे, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय.

कॉम्प्युटर बहुतेक सापडेल. त्यावर कोण बसलं होतं, हा प्रश्न वेगळा आहे. कॉम्प्युटर सापडला म्हणजे माणूस सापडला असं धरून तिला काही बोलू नका, ही पहिली विनंती.

टॅलीपासून सुरुवात करा. टॅलीप्राइममध्ये एडिट लॉग चालू असेल तर प्रत्येक व्हाउचर (म्हणजे बिलाची किंवा व्यवहाराची नोंद) कधी बदललं आणि कोणत्या युजरने बदललं, हे दिसतं. तुमच्याकडे सगळेच अ‍ॅडमिन असल्यामुळे नावाचा उपयोग शून्य. वेळेचा उपयोग मात्र मोठा आहे. बदललेल्या प्रत्येक बिलाची वेळ कागदावर उतरवून घ्या, कारण पुढचं सगळं काम त्या वेळांवर उभं राहणार आहे. कोणी घड्याळ मागेपुढे केलं होतं का, हेही तपासा. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये, म्हणजे विंडोज स्वतः ठेवतं त्या सुरक्षेच्या नोंदवहीत, त्याची नोंद ४६१६ या क्रमांकाने असते.

आता सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअर (या नोंदी दाखवणारा विंडोजचाच प्रोग्रॅम) उघडा, विंडोज लॉग्समध्ये सिक्युरिटी निवडा आणि ४६२४ क्रमांकाच्या नोंदी गाळून घ्या. यशस्वी लॉगिनची ही नोंद आहे. प्रत्येक नोंदीत लॉगऑन टाइप असतो: २ म्हणजे कोणी प्रत्यक्ष त्या कॉम्प्युटरवर बसून आलं, ३ म्हणजे नेटवर्कवरून, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉपने. तुमचे चार कॉम्प्युटर शेअर केलेलं फोल्डर उघडतात तेव्हा सर्व्हरवर टाइप ३ ची नोंद होते आणि त्याच नोंदीत खाली समोरच्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) असतो, पुष्कळदा नावही. बिलं बदलायच्या जरा आधी आलेली टाइप ३ ची नोंद तुम्हाला हवी आहे. तशी एकही नसेल आणि टाइप २ असेल, तर काम बहुतेक सर्व्हरवर बसूनच झालंय.

पत्ता बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारा असेल. हे पत्ते राउटर वाटतो आणि ते बदलू शकतात, म्हणून आज ज्याच्याकडे तो पत्ता आहे त्याच्याकडेच शनिवारी होता असं समजू नका. राउटरच्या सेटिंगच्या पानावर डीएचसीपीची, म्हणजे कोणाला कोणता पत्ता दिला याची यादी असते, त्यात पत्त्यासमोर मॅक क्रमांक (कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) आणि कॉम्प्युटरचं नाव दिसतं. त्या पानाचा फोटो आत्ताच काढून ठेवा. साधे राउटर बंद-चालू केले की ही यादी पुसली जाते.

याहून सोपी आणि मला जास्त भरवशाची वाटणारी पडताळणी म्हणजे त्या रात्री कोणता कॉम्प्युटर चालू होता. प्रत्येकाच्या सिस्टिम लॉगमध्ये ६००५ ही सुरू झाल्याची आणि ६००६ ही बंद झाल्याची नोंद असते. वीज जाऊन बंद पडला असेल तर ६००८. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (कॉम्प्युटर पूर्ण बंद न करता पटकन सुरू व्हायची सोय) चालू असेल तर पहिल्या दोन नोंदी सापडत नाहीत असं होतं. तेव्हा त्याच लॉगमधली कर्नल-पॉवर या नावाखालची ४२, म्हणजे कॉम्प्युटर झोपेत (स्लीपमध्ये) गेल्याची नोंद बघा. दुकान बंद झाल्यावर पाचांपैकी तीन बंदच होते असं निघालं, तर निम्मं काम झालं.

आता संशयाबद्दल. मी लहान व्यापाऱ्यांची नेटवर्कं सांभाळतो. एका पेढीत असाच माग काढत आम्ही एका क्लार्कच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचलो. मालकांनी तिला घरी बसवलंही होतं. पण त्या कॉम्प्युटरवर एनीडेस्क (दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) होतं, जुन्या सपोर्टवाल्याने कायमचा पासवर्ड घालून ठेवलेलं. एनीडेस्कच्या कनेक्शन ट्रेस नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये त्याच वेळेला बाहेरून आलेल्या जोडणीची ओळ होती, आयडीसकट. ती मुलगी तेव्हा दुकानात नव्हतीच. म्हणून एनीडेस्कची ही फाइल प्रोग्रॅमडेटा फोल्डरमध्ये आणि टीमव्ह्यूअर हे तसंच सॉफ्टवेअर असेल तर त्याची येणाऱ्या कनेक्शनची फाइल त्याच्याच फोल्डरमध्ये जरूर बघा. त्यातली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर साडेपाच तास मिळवा. दुकानाच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही आजच उतरवून घ्या, कारण डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) जुन्यावर नवं लिहीत जातो.

घाई इथेही आहे. विंडोजचा सिक्युरिटी लॉग मूळ सेटिंगमध्ये २० एमबीचाच असतो. भरला की जुन्या नोंदी पुसत पुढे जातो. म्हणून पाचही कॉम्प्युटरचे सिक्युरिटी आणि सिस्टिम लॉग आज पेन ड्राइव्हवर सेव्ह करा, टॅलीच्या डेटाचा बॅकअप वेगळा ठेवा, आणि कोणाच्याही सांगण्यावरून फॉरमॅट मारू नका. लॉगमध्ये ११०२ ही नोंद दिसली तर कोणीतरी तो मुद्दाम रिकामा केलाय. तीही नोंद जपून ठेवा.

पोलिसांत जायचं असेल तर पत्ते आणि स्क्रीनशॉट पुरणार नाहीत. २०२४ च्या १ जुलैपासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलचा हॅशही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा खास आकडा) येतो. पूर्वी हेच पुरावा कायद्याचं ६५-ब होतं. आपल्या जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतलं खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं ते कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगच्या अशाच प्रमाणपत्रावरून. मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच, असा २०२० चा निकाल आहे. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. पण तुमच्याकडे पासवर्ड सगळ्यांचाच होता, तेव्हा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल.

लॉग उतरवून झाले की अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलून स्वतःकडे ठेवा, प्रत्येकाला टॅलीत स्वतंत्र युजर द्या, जुन्या तारखेची व्हाउचरं बदलायचा अधिकार काढून घ्या, एडिट लॉग बंद असेल तर चालू करा. तुमची पेढी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून ऑडिट ट्रेल (हिशेबातल्या प्रत्येक बदलाची नोंद) ठेवणं तसंही सक्तीचं आहे. प्रोप्रायटरशिप किंवा भागीदारी असेल तर तो नियम लागू नाही, तरी ठेवाच.

शनिवारच्या वेळेतल्या ४६२४ च्या नोंदी निघाल्या की पत्त्याचे आकडे झाकून इथे टाका, लॉगऑन टाइप तेवढा दिसू द्या. पुढचं वाचायला मी मदत करेन.