भाचीला सिंगापूरला नेता येईल का?

प्रश्न : मी ऐरोलीला राहते. ताई आणि भाऊजी गेल्यावर ठाणे कोर्टाने मला भाचीची पालक नेमलंय, ती आता १२ वर्षांची आहे. कंपनी मला तीन वर्षांसाठी सिंगापूरला पाठवतेय. कळव्याचे तिचे आजी-आजोबा म्हणतात की पोरीला परदेशी नेऊ देणार नाही. पण कायदेशीर पालक मीच आहे आणि तिचा पासपोर्टही तयार आहे, मग त्यांची परवानगी कशाला हवी?

उत्तर : ताई, परवानगी आजी-आजोबांची नाही, कोर्टाची लागते. पालक आणि पाल्य कायदा, १८९० चं कलम २६ बघा, कोर्टाने नेमलेल्या पालकाला मुलाला त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर हलवायचं असेल तर, नियमात दिलेली ठराविक कारणं सोडली तर, आधी कोर्टाची मंजुरी घ्यावी लागते. आईवडील नैसर्गिक पालक असतात, तुमचा अधिकार कोर्टाच्या ऑर्डरमधून आलाय, हा फरक फार मोठा आहे. पासपोर्ट हातात असला म्हणून ही अट सुटत नाही. आणि कृपा करून टूरिस्ट व्हिसावर नेऊ आणि मग बघू असं अजिबात करू नका, कोर्टाला डावलून मुलाला नेलं तर कलम ४४ खाली दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, शिवाय पालकत्वच काढून घ्या असा अर्ज आजी-आजोबा करतील तो वेगळाच.

अर्ज ज्या कोर्टाने नेमलं तिथेच करा. त्यात बदलीचं पत्र, तिकडच्या शाळेची माहिती, राहणार कुठे, तुम्ही ऑफिसला असताना पोरीजवळ कोण, हे सगळं जोडा. आजी-आजोबांशी दर आठवड्याला व्हिडिओ कॉल आणि सुट्टीत कळव्याला मुक्काम, हे तुम्ही स्वतःहून लिहून द्या, त्यांनी मागायची वाट बघू नका. त्यांचा मुलगा गेलाय, नातही हातची जाईल ही भीती खरी आहे. २०२० साली सुप्रीम कोर्टाने रितिका शरण खटल्यात आईला मुलासह सिंगापूरला जायला परवानगी दिली, पण वडिलांना मुलाशी बोलता-भेटता येईल अशी सोय करूनच. तो आईबापांमधला खटला होता, तरी मुलाचं हित आधी हा मुद्दा तुमच्याही कामाचा आहे. भाची १२ ची आहे, जज तिला आत बोलवून विचारू शकतात, तेव्हा तिला काय बोलायचं ते पढवू नका, तिचं तिला सांगू द्या.

अर्ज टाकायच्या आधी एक काम. सिंगापूरचा डिपेंडंट पास, म्हणजे तिथे नोकरीला आलेल्याच्या कुटुंबाला राहायचा परवाना, मुलांना मिळतो, कायदेशीर दत्तक मुलंही त्यात येतात, पण भाची तुमची पाल्य आहे, दत्तक नाही. तिला कुठला पास मिळेल ते एचआरकडून लेखी घ्या, नाहीतर कोर्ट हो म्हणेल आणि व्हिसा अडेल.

तिच्या बाबांचा फ्लॅट असेल आणि त्याचंही पालकत्व तुमच्याकडे असेल तर जाताना तो विकायचा विचार करू नका, त्याला कलम २९ खाली कोर्टाची वेगळी परवानगी लागते.