नाव नंतर कळेल, जागा आजच लिहा

प्रश्न : नमस्कार ताई. परवा सकाळी आमच्या घराच्या कंपाउंडपाशी एक निळसर काळी, तांबूस पंखांची गांधीलमाशी स्वतःपेक्षा मोठ्या कोळ्याला ओढत नेत होती. उलटी चालत होती, मधेच त्याला सोडून कुठेतरी पळायची आणि परत यायची. शेजारचे काका म्हणाले ही कुंभारीण. मोबाईलवर चार फोटो काढलेत. ही नक्की कोण, आणि नोंद करायची तर नुसतं 'सोलापूर' लिहून चालतं का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : फोटो काढलेत हे फार बरं केलंत, पण आधी एक काम करा, 'परवा' म्हणजे कोणती तारीख आणि किती वाजता ते आत्ताच वहीत लिहा, आठवड्याने नक्की आठवत नाही.

काकांची चूक समजण्यासारखी आहे कारण कुंभारीणही कोळीच पकडते. पण ती लहान लहान कोळी उडत उडत आणते आणि मातीच्या एकेका खोलीत बरेच कोंबते, शिवाय तिची कंबर दोऱ्यासारखी बारीक असते. तुम्ही बघितलीत ती पॉम्पिलिडी, म्हणजे कोळ्यांची शिकार करणाऱ्या गांधीलमाश्यांच्या कुटुंबातली वाटते. या कुटुंबात जगभरात 5 हजारांच्या आसपास जाती आहेत. यांचा हिशोब एका अळीला एकच कोळी, म्हणून तो मोठा लागतो आणि ओढतच न्यावा लागतो. मादी डंख मारून त्याला लुळा करते, मारत नाही, मग बिळात नेऊन त्याच्यावर एकच अंडं घालते. मधेच सोडून पळत होती ना, ती बहुतेक बिळाची जागा बघायला. आता यातल्याही काही मातीची घरटी करतात, आणि कोळ्याचे पायच तोडून टाकतात म्हणजे न्यायला सोपं, त्यामुळे नुसती माती दिसली म्हणून कुंभारीण ठरवू नका, आत कोळी किती आहेत आणि त्यांना पाय आहेत का ते बघा.

जात मात्र रंगावरून सांगू नका, मी पण सांगणार नाही. निळंकाळं अंग आणि तांबूस पंख हा वेष कितीतरी वेगवेगळ्या जातींचा असतो. पंखातल्या शिरा, छातीच्या बाजूची आडवी खाच, पायावरचे काटे हे दिसायला लागतं, म्हणून पुढच्या वेळी वरून एक, बाजूने एक आणि चेहऱ्याचा एक असे फोटो घ्या आणि कोळ्याचा वेगळा घ्या, कारण शिकार कोणती ही माहिती फार कमी लोक लिहितात. नर तर बऱ्याचदा लहान असतो आणि शिकारही करत नाही, त्यामुळे कुठला नर कुठल्या मादीचा हे जुळवणं तज्ज्ञांनाही जड जातं.

आता जागेचं. नुसतं 'सोलापूर' नका हो लिहू! जिल्हाच जवळपास 15 हजार चौरस किलोमीटरचा आहे. नान्नजच्या माळरानावरची माशी आणि हिप्परग्याच्या तलावाकाठची माशी दोन्ही 'सोलापूर' झाल्या तर काय कळणार? मोबाईलमधलं लोकेशन चालू ठेवा, अक्षांश-रेखांश लिहा आणि आकडा किती मीटरपर्यंत बरोबर असेल तेही, आणि एक ओळ जागेची, काळी माती की मुरूम, भिंत की झाडाचं बूड. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना जात माहीत नसेल तर कुटुंबावर थांबा, त्यात काही कमीपणा नाही. बिंगहॅम या कीटकतज्ज्ञाच्या गांधीलमाश्या आणि मधमाश्यांवरच्या 1897 च्या पुस्तकात भारतातल्या यातल्या कितीतरी माश्या सॅलियस या नावाखाली होत्या, आज त्या वेगळ्या जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या वेगळ्या गटात गेल्यात. नाव असं बदलतं, पण कुठे सापडली हे नीट लिहिलेलं असलं की ती नोंद आजही कामाची असते. जागा नसलेल्या सुंदर फोटोचं मात्र मला खरंच वाईट वाटतं.

आणि पकडू नका, मादीचा डंख जोरात लागतो. अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीच गोळा करायचं नाही. तुमचे चारही फोटो क्रॉप न करता पाठवा, कोळ्याचे पाय शाबूत आहेत का ते मला बघायचंय.