तुमचे प्रश्न: अलार्मचा पाऊस आणि सिलेक्ट ऑल

प्रश्न: मी महाप्याला एका कंपनीत रात्रपाळीला असतो. साडेतीनशे एक्स्टेन्शनचा कम्युनिकेशन सर्व्हर आहे, म्हणजे ऑफिसचे सगळे फोन चालवणारा, आणि रात्रभर स्क्रीनवर अलार्म पडतच असतात, पाचशे-सहाशे सहज. मी आपलं सिलेक्ट ऑल करून ॲक्नॉलेज मारतो, नाहीतर पुढचं काही दिसतच नाही. गेल्या महिन्यात डिस्क भरली, कॉल रेकॉर्डिंग बंद पडलं, आणि सकाळी साहेब म्हणाले की अलार्म चार तास आधी आला होता, तुझ्याच लॉगिनने ॲक्नॉलेज आहे. चूक माझीच का? (वाचक, घणसोली)

उत्तर: अर्धी तुमची. उरलेली अर्धी, ज्यांनी हा सर्व्हरचा बॉक्स लावला तेव्हा आले तसे सगळे अलार्म चालू ठेवून दिले, त्यांची.

आधी तुमची अर्धी घेऊ. ॲक्नॉलेज म्हणजे फक्त 'मी बघितलं', वॉचमनने रजिस्टरमध्ये 'टाकी गळतेय' असं लिहून सही केली म्हणून गळती थांबत नाही ना, तसंच. क्लिअर म्हणजे कारण गेलं, आणि डिस्क, ट्रंक (बाहेरच्या कॉलची लाइन), फॅन असल्या अलार्मना ते सर्व्हरने स्वतः करायचं असतं. हाताने क्लिअर मारलात तर स्क्रीन हिरवीगार होईल पण डिस्क तेवढीच भरलेली राहील, म्हणून तो नाद नको. आणि सिलेक्ट ऑल तर अजिबातच नको, निदान सिव्हिअरिटीचा, म्हणजे गंभीरपणाचा, फिल्टर लावा, क्रिटिकल आणि मेजर एकेक उघडून वाचा. क्रिटिकल, मेजर, मायनर, वॉर्निंग या पायऱ्या आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या एक्स.७३३ या मानकातून आल्यात, १९९२ सालच्या, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा बॉक्स असो, साधारण हीच नावं दिसतात.

आता दुसरी अर्धी. एका आठवड्याची अलार्म हिस्टरी एक्सेलमध्ये काढा आणि कुठला अलार्म कुठल्या फोनवरून किंवा पोर्टवरून किती वेळा आलाय ते मोजा. माझा अनुभव असा की मोठा ढीग चार-पाच जागांवरूनच येतो. मी एकदा मोजलं तर निम्म्याच्या वर एकाच फोनचे निघाले, गेटवरच्या सिक्युरिटी केबिनमधला, पॅच कॉर्डची क्लिप तुटलेली, टेबल हललं की वायर सैल, फोन अनरजिस्टर, परत रजिस्टर, परत अलार्म. वीस-तीस रुपयांची क्लिप आणि लोक महिनोन् महिने ॲक्नॉलेज मारत बसलेले! हे असलं आधी दुरुस्त करा, अलार्म दाबू नका.

मग उरलेल्यांना थोडी शिस्त लावायची. दोन-तीन मिनिटं टिकला तरच अलार्म उठू दे, म्हणजे हे चालू-बंद खेळणारे गळतात. डिस्कला ८५ टक्क्यांवर उठायचा आणि ७५ च्या खाली आल्यावरच क्लिअर व्हायचा असं अंतर ठेवा, दोन्ही एकाच आकड्यावर ठेवलंत तर ८४-८५ करत रात्रभर टिवटिव करेल. आणि मजल्यावरचा ४८ पोर्टचा नेटवर्क स्विच बसला की ४८ फोनचे अलार्म येतात पण काम एकच असतं, ते सगळे स्विचच्या एका अलार्मखाली बांधायची सोय असेल तर बांधा.

तुमच्या टीटीसी बेल्टमधल्या (महापे-घणसोलीचा औद्योगिक पट्टा) केमिकलवाल्यांना विचारा, त्यांच्याकडे हा विषय जुना आहे. २४ जुलै १९९४ ला वेल्समध्ये मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला, त्याच्या आधीच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. पुढे त्या क्षेत्रात हिशोब धरला गेला की एका माणसाला सरासरी दहा मिनिटांत एक अलार्म, फार तर. तुमचे रात्रीचे सहाशे म्हणजे आठ तासांत मिनिटाला सव्वा, माणूस काय करणार हो.

आणि एक, शांतताही तपासा. सर्व्हर अलार्मचा जो निरोप नेटवर्कवरून पाठवतो तो ट्रॅप, तो सहसा यूडीपी १६२ पोर्टवर जातो, पोचला की नाही याची पावती येत नाही, आणि सर्व्हर स्वतःच मेला तर कोण पाठवणार? म्हणून बाहेरून कोणीतरी दर मिनिटाला 'आहेस का रे' विचारणारं हवंच.

प्रश्न: आमच्याकडे अलार्मची वेळ आणि कॉलच्या नोंदीची वेळ साडेपाच तासांनी चुकते. सर्व्हरचं घड्याळ पुढे करू का? (वाचक, वागळे इस्टेट, ठाणे)

उत्तर: नका हो ताई! बरोब्बर साडेपाच तास असेल तर घड्याळ बिघडलेलंच नाहीये, अलार्मचा लॉग यूटीसीत (जागतिक वेळ) आहे आणि कॉलची नोंद आयएसटीत (भारतीय वेळ), एवढंच. टाइम झोन बदला, घड्याळाला हात लावू नका, नाहीतर सर्व्हरची सुरक्षेची सर्टिफिकेटं रुसतील. फरक मिनिटांचा असेल तर मात्र नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारं एनटीपी बंद पडलंय, फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, लावायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, तेही याच निमित्ताने उरकून घ्या.

प्रश्न: क्रिटिकल अलार्म आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, तरी रात्री कोणी उठत नाही. (वाचक, ऐरोली)

उत्तर: ग्रुपमध्ये टाकलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. रोज एका माणसाचं नाव लावा, थेट त्याच्या मोबाईलवर रिंग जाऊ दे, पंधरा मिनिटांत ॲक्नॉलेज नाही तर पुढच्याला. आणि ती रिंग त्याच सर्व्हरच्या ट्रंकवरून नको, वेगळ्या सिमकार्डवरून जाऊ दे, ट्रंक बसल्याचा अलार्म ट्रंकवरूनच पाठवणारे लोक मी स्वतः बघितलेत.