सही करण्यापूर्वी

प्रिय मित्रास, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मोठ्या निर्मितिसंस्थेने तीन वर्षांचा करार पुढे केला आहे, मानधन चांगले आहे, मात्र कथा, दिग्दर्शक आणि कामाची पद्धत तेच ठरवणार, असे तू कळवले आहेस. म्हणून आज अमेरिकन मूकपटांतला विनोदी नट आणि दिग्दर्शक बस्टर कीटन याच्याविषयी लिहितो. १९२८ साली त्याच्यापुढेही जवळजवळ असाच कागद आला होता.

कीटनचा जन्म १८९५चा, कॅन्ससमधला. आईवडील व्हॉडव्हिलच्या, म्हणजे गाणी, नकला, कसरती अशा विविध करमणुकीच्या, फिरत्या रंगमंचावरचे कलावंत होते. लहानग्या बस्टरला वडील रंगमंचावर अक्षरशः फेकत, आणि त्याला पकडता यावे म्हणून त्याच्या कपड्यांवर पाठीशी सुटकेसची मूठ शिवलेली असे. पडल्यावर आपण हसलो की प्रेक्षक कमी हसतात, हे त्याला त्या वयातच उमगले. पुढे गाजलेला तो निर्विकार चेहरा त्या अनुभवातून आला. १९१७ मध्ये विनोदी नट रोस्को आर्बकलच्या न्यूयॉर्कमधल्या चित्रीकरणाला तो पहिल्यांदा गेला, तेव्हा त्याने कॅमेरा मागून घेतला, सुटा केला आणि पुन्हा जोडला. तुला चेहऱ्याची काळजी फार आहे. भिंग काय पाहते याचीही तितकीच चौकशी कर.

‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’मधला वादळाचा प्रसंग तू पाहिलाच असशील. घराची दुमजली दर्शनी भिंत सबंध त्याच्या अंगावर कोसळते आणि पोटमाळ्याच्या उघड्या खिडकीच्या चौकटीतून तो उभाच्या उभा वाचतो. भिंत खरी वजनदार होती, चौकट आणि खांदे यांत अंतर काही इंचांचे होते, म्हणून पावलांची जागा आधीच मोजून ठेवावी लागली. आता पुन्हा पाहशील तेव्हा कॅमेऱ्याकडे लक्ष दे. तो मागे सरून स्थिर उभा आहे, घर आणि माणूस एकाच चौकटीत आहेत, मध्ये कुठेही कात्री लागलेली नाही. त्यामुळेच आपला श्वास अडकतो. असे धाडस तू करावेस असे मी मुळीच म्हणत नाही. ‘शेरलॉक ज्युनिअर’च्या वेळी पाण्याच्या लोंढ्याने तो रुळावर आपटला आणि मानेचे हाड मोडल्याचे त्याला कित्येक वर्षांनी एक्स-रेत समजले. मी सांगतो आहे ते त्या मोजमापाविषयी.

हे मोजमाप त्याला करता येई, कारण निर्माता जोसेफ शेंकच्या आधाराने चालणाऱ्या छोट्या स्टुडिओत त्याची स्वतःची मंडळी होती आणि सुरुवात व शेवट सुचला की मधले चित्रीकरणात सापडेल, असा त्याचा विश्वास होता. पण चित्रपटांची मालकी मात्र त्याची नव्हती, आणि शेंकने हात काढून घेताच तो एमजीएम या हॉलिवूडमधल्या बड्या चित्रपटसंस्थेकडे गेला. चॅप्लिनने त्याला सावध केले होते. आठवड्याला ३,००० डॉलर मिळू लागले, बोलपट चाललेही, पण पटकथा आधी मंजूर व्हायला हवी, जोखमीच्या उड्या दुसऱ्याने मारायच्या, असा तिथला शिरस्ता होता. ‘द कॅमेरामन’ हा पहिला चित्रपट उत्तम झाला, नंतर मात्र घसरण लागली. दारू वाढली, संसार मोडला, १९३३ मध्ये त्याला काढून टाकले, आणि पुढे त्याच संस्थेत आठवड्याला १०० डॉलरवर तो इतरांसाठी विनोदी प्रसंग सुचवत असे. दारूचा सगळा दोष कराराला देणे अन्यायाचे ठरेल, पण हाताशी आपले काम उरले असते, तर त्याला आधार मिळाला असता, असे मला मनापासून वाटते.

तेव्हा मानधनाचा आकडा बाजूला ठेवून तीन गोष्टी लेखी विचार: तुझ्या तालमीला वेळ किती, तुझ्या प्रसंगाच्या संकलनाच्या वेळी तुला बसू देतील का, आणि करार मोडायचा झाल्यास वाट कोणती. उत्तरे आली की तो कागद घेऊन रविवारी सकाळी ये. आपण शांतपणे वाचू, आणि तोपर्यंत सही करू नकोस.

तुझा हितचिंतक