हरिश्चंद्रगडावर कंदीलपुष्प दिसलं. रोप ताठ उभं होतं, कशालाही वेटाळलेलं नव्हतं आणि पानं रुंद होती. कंद खणून आणून घरी कुंडीत लावला तर जगेल का?

कृपा करून खणू नका. घरी तो कंद बहुतेक कुजेल आणि गडावरचं झाड तर जागेवरून गेलेलंच असेल.

रोप ताठ उभं होतं, कशालाही वेटाळलेलं नव्हतं आणि पानं रुंद होती, असं तुम्ही लिहिलंय. त्यावरून ते सेरोपेजिया लॉई (हे शास्त्रीय नाव) असावं. खरपुडी, हमण वगैरे कंदीलपुष्पं याच सेरोपेजिया वंशातली. त्यातल्या बऱ्याच वेली असतात, ही जात मात्र उभी वाढते. सह्याद्रीबाहेर ती मिळत नाही.

ही झाडं कड्याच्या कडेला, उतारावर, कातळावरच्या जेमतेम वीतभर मातीत वाढतात. तिथे पाऊस धो धो पडतो, पण पाणी थांबत नाही. जूनमध्ये कोंब येतो, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलं, आणि दिवाळीनंतर वर काहीच उरत नाही. कंद मेअखेरपर्यंत कोरड्या मातीत पडून राहतो. कुंडीत घात होतो तो इथेच: झाड वाळलं म्हणून आपण पाणी वाढवतो आणि कंद सडतो.

दुसरी अडचण फुलाची. पाच पाकळ्यांची टोकं वर जुळलेली असतात, मधल्या फटींतून बारीक माशी आत शिरते. नळीत खाली वळलेले केस असतात, त्यामुळे ती तळच्या फुगीर भागात उतरते, पण परत वर येता येत नाही. तिथे परागपुंज (परागकणांचे गठ्ठे) तिच्या सोंडेला चिकटतात. मग केस कोमेजतात, माशी सुटते आणि दुसऱ्या फुलात शिरली तरच फळ धरतं. गच्चीवर एकट्या झाडाला ती माशी कुठून मिळणार? जंगलातही फळं थोडीच धरतात. त्यात रानडुकरं आणि माणसंही खाण्यासाठी कंद उकरतात, म्हणून एकेका कंदाचं मोल फार आहे. शिवाय गड अभयारण्यात आहे, तिथून झाड उपटणं गुन्हा आहे.

हौस असेल तर नर्सरीत 'स्ट्रिंग ऑफ हार्ट्स' मागा. ती याच वंशातली, मूळची दक्षिण आफ्रिकेची. अर्धी जाड वाळू किंवा बारीक मुरूम, अर्धी माती घ्या, कुंडीला मोठं भोक ठेवा आणि वरची माती कोरडी झाल्यावरच पाणी घाला. फुलं बोटाच्या पेराएवढीच, पण कंदील तसाच, आतले केसही दिसतील.

गडावर फोटो काढताना फूल नीट दिसावं म्हणून आजूबाजूचं गवत उपटू नका, त्याच्या आडोशानेच ते गुरांच्या तोंडून वाचतं. गुडघा टेकण्याआधी जमीन बघा: न फुललेलं रोप साध्या तणासारखं दिसतं आणि पायाखाली जातं. आणि फोटो टाकताना लोकेशन बंद ठेवा, नेमकी जागा लिहू नका.